मुदिता, मुक्काम कुरखेडा

पावसाळ्यात जंगलात जाऊ नये, असं सगळे सांगतात, म्हणून गेलो. गडचिरोलीहून आरमोरीमार्गे कुरखेड्याची एसटी पकडली. खड्डे वगळले तर रस्ता चांगला आहे, पण मग फारसा रस्ता उरत नाही. दोन्ही बाजूंना नुकतंच रोवलेलं धान, मागे ओलं जंगल. जाणार असाल तर खिडकी धरा, डबा सोबत ठेवा.

मुक्काम कॉलेजमित्र विलासकडे. जेवायला भात आणि वास्ते, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी. ताट झकास, घर मात्र गप्प. वनरक्षक भरतीसाठी विलासची मुलगी सुजाता आणि शेजारची पल्लवी वर्षभर एकत्र धावल्या होत्या. पल्लवी लागली, सुजाता राहिली.

त्यात वर्षावास, म्हणजे बौद्ध परंपरेतले पावसाळ्याचे तीन महिने. या दिवसांत इथल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं आणि ज्या घराचा वार असेल, त्यातल्या कुणीतरी एक शब्द समजावून सांगायचा. सुजाताच्या वाट्याला निकालाआधीच 'मुदिता' आला होता. शब्द बदलून घे, म्हणून विलास विनवत होता.

"काऊन? मी मरून राह्यली का?" ती म्हणाली.

मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखानं आनंदणं. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार भावना बौद्ध विचार सांगतो, योगशास्त्रही सांगतं. मला त्यात करुणा सोपी वाटते. समोरचा आपल्यापेक्षा खाली असतो, त्यामुळे परवडते. मुदितेत तो वर गेलेला असतो, तोही आपल्याच गल्लीतून.

विहारात पल्लवी पुढेच बसलेली. सुजातानं अर्थ नीट सांगितला आणि थांबली. मग म्हणाली, "मले अजून आनंद झाला नाई. पेढा खाल्ला, कडू लागला. पण तिची नोकरी जावी असं वाटत नाई. इथवरच आली मी."

बाहेर चपला शोधताना पल्लवीनं तिला गाठलं. "उद्या मैदानात ये. माह्यं झालं म्हणून तू झोपून राहशील का?"

"तुले आता धावून काय भेटते?"

"तुह्या शिव्या."

सकाळी परतीच्या एसटीतून दोघी दिसल्या. पल्लवी पुढे, उलटी धावत तिला डिवचत होती. सुजाता दात-ओठ खात मागे.

घरी आलो, तर एका लेखकमित्राला पुरस्कार. 'मनापासून आनंद झाला' असं सवयीनं टाइप केलं आणि खोडलं. फोन लावून सांगितलं, "जळतोय. पार्टी कधी?" तो बराच वेळ हसला. मीही हसलो. त्यात मुदिता किती होती, ठाऊक नाही. पण फोन लगेच ठेवावासा वाटला नाही.