आंघोळ मॅडम

पुण्याजवळच्या सूसमधल्या आमच्या सोसायटीत शेख मॅडम पोहायला शिकवायला यायच्या, पण त्यांचं पहिलं काम वास घेणं. गळ्यात शिट्टी, ओढणी कमरेला खोचलेली, आणि तलावाच्या काठावर गुडघे टेकून नाक थेट पाण्यावर. साबण लावून आंघोळ केल्याशिवाय त्या कुणाला पाण्यात उतरू देत नसत, म्हणून पोरांनी नाव ठेवलं आंघोळ मॅडम. त्यांच्या कानावर गेल्यावर म्हणाल्या, "ब्येस हाय की! काम तरी ध्यानात ऱ्हाईल."

मॅडम पौडच्या. वडिलांचं बाजारात कापडदुकान, बोलणं अस्सल मावळी. क्लोरिननं केस जातात म्हणून पहिल्या दिवशी मी माझ्या मुक्ताला डोक्यापासून पायापर्यंत खोबरेल चोपडून नेलं. मॅडमनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "ताई, पोरगी पवायला आणलीया का तळायला?" अस्सा राग आला मला! मुक्ता मात्र फिदीफिदी हसत शॉवरखाली गेली.

थंडीत ऊब राहावी म्हणून आमच्या बंदिस्त तलावाच्या खिडक्या लावून घेत, आणि आत उग्र वास कोंडायचा. त्या थंडीत मुक्ताला खोकला लागला. डोळे लाल, श्वास घेताना छाती वाजायची. डॉक्टर म्हणाले, पोहणं थांबवा. पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं. आता कायमचंच बंद होतंय की काय, या भीतीनं मी मॅडमना गाठलं.

"डॉक्टर सांगत्यात तवर घरी ठिवा," त्या म्हणाल्या. "पर पोरगी परत येनार हाय. लोकांना वाटतं ह्यो क्लोरिनचा वास. आवो, घाम, तेल, मूत, समदं त्या क्लोरिनमधी मिसळतं आन् त्याचा वायू पान्यावर ऱ्हातो. खिडक्या बंद, मग त्योच पोरं छातीत वढत्यात. मी बघते हितलं."

आमच्या चेअरमनना त्याच वासाचा कोण अभिमान! वास येतोय म्हणजे पाणी स्वच्छ, असं ते पाहुण्यांना सांगत. स्वतः रोज जिममधून घामाघूम येऊन थेट उडी मारत. एका सकाळी मॅडम वाटेत आडव्या उभ्या राहिल्या.

"साहेब, आदी आंघोळ."

"अहो, मी चेअरमन आहे!"

"व्हय. घामबी चेअरमनचाच हाय."

पोरं खो खो हसली. चेअरमन म्हणाले, उद्यापासून येऊ नका. "न्हाई येत. पर आज आंघोळ करूनच उतरा," म्हणत बाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी शॉवर सुरू झाल्याचा आवाज आला. काय सांगू, माझी मान ताठ झाली! दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या आया चेअरमनच्या दारात. मॅडम राहिल्या, खिडक्या उघडल्या, तलावाचं पाणीही बदललं. गारठ्यावरून चार दिवस कुरकुर झाली, ती झालीच.

हळूहळू वास गेला. डॉक्टरांनी होकार दिल्यावर मुक्ता पाण्यात उतरली आणि एका दमात पलीकडचं टोक गाठलं. वर आली, हसली, खोकली नाही. मॅडम शिट्टी विसरून टाळ्या पिटत होत्या.

पुढच्या वर्षी त्यांना लांबच्या शाळेत नोकरी लागली. शेवटच्या दिवशी पुन्हा काठावर वाकल्या आणि म्हणाल्या, "कायबी वास न्हाई. आता माजं हितं काय काम?" मी सरळ रडले.

परवा मुळशी धरणाजवळच्या एका रिसॉर्टवर माझ्या सासरचं लातूरहून आलेलं अख्खं कुटुंब जमलं. सगळे तलावाकडे धावले. मुक्ता पुढे झाली, काठावर गुडघे टेकले, वास घेतला. मग उठून दोन्ही हात पसरून वाटेत उभी राहिली. इंग्रजी शाळेत शिकणारी माझी पोर ओरडली, "आंघोळ केली का? न्हाई? मग भाईर!"

सगळ्यात आधी माझे थोरले दीर मुकाट शॉवरकडे वळले.