तीन ओळींचा अर्थ

रहिमतपूरच्या खैरुन आतारला सूरह कौसर लहानपणापासून तोंडपाठ होती. तीन ओळींचा, कुराणातला सर्वांत छोटा अध्याय. रोजच्या नमाजात ती हीच पढायची, कारण बांगड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं असायचं. अर्थ तिनं कधी विचारला नाही आणि कुणी सांगितलाही नाही.

तिचा एकुलता मुलगा चौथीत असताना तापानं गेला होता. राहिली एक मुलगी, तहसीन. ती सांगलीत शिक्षिका. पुढं नवराही गेला. त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला थोरल्या दिरानं, बाबालालभाईनं, गोड गळ्यानं कौसर पढली आणि जेवताना चार पाहुण्यांसमोर म्हणाला, "भावाचा वंश बुडाला. आता त्याचं नाव घ्यायला कोण ऱ्हायलंय?"

तहसीन तिथंच वाढत होती. तिचा हात थांबला. त्या दिवसापासून खैरुनला धड जेवण जाईना.

महिन्यानं ती लेकीकडं सांगलीला गेली. शेजारच्या जुबेदा मॅडम बायकांना मराठीतून कुराण समजावून सांगायच्या. खैरुननं आपली पाठ सूरहच विचारली.

मॅडम म्हणाल्या, "पैगंबरांचे मुलगे लहानपणीच वारले. तेव्हा मक्केतले काही लोक त्यांना हिणवायला लागले, की हा अबतर, मागं कुणी न उरलेला. तेव्हा या ओळी उतरल्या असं सांगतात. अल्लाह म्हणतो, आम्ही तुला भरभरून दिलंय. तू आपल्या पालनकर्त्यासाठी नमाज पढ, कुर्बानी कर. तुझा द्वेष करणाराच निर्वंश आहे. आणि बघा, पैगंबरांचा वंश पुढं चालला तो लेकीकडून, फातिमाकडून."

खैरुनचे कान तापले. "मॅडम, माझ्या घरात माझे दीर ह्येच बोलले. आन ह्येच पढून बोलले."

"त्यांना अर्थ माहीत नसेल."

"दाढी पांढरी झाली त्यांची. माहीत का न्हाई?" मग तिला स्वतःचाही राग आला. पन्नास वर्षं ती तरी काय करत होती?

पुढच्याच महिन्यात पुतण्याच्या बाळाचं नाव ठेवायचं होतं. बाबालालभाईनं पुन्हा कौसर पढली. खैरुन बायकांतून उठून पुरुषांच्या बैठकीच्या दारात आली.

"भाईसाब, आत्ता पढलात त्याचा अर्थ काय?"

"अरबी हाय ते. बायकांना अर्थाशी काय करायचंय?"

"मग मी सांगते." तिनं तिन्ही ओळी सांगितल्या, त्यांच्यामागची हकिकत सांगितली. "ज्या बोलण्यावर ही सूरह उतरली, तेच तुमी माझ्या दारात बोललात. माझ्या लेकीच्या तोंडावर."

बाबालालभाई बैठकीतून उठला आणि चपला घालून चालता झाला. नातेवाइकांनी तिलाच दटावलं, माफी माग म्हणाले. तिनं मागितली नाही. तो अजून तिच्या दारात आलेला नाही, आणि त्याचं नाव निघालं की तिच्या कपाळाची शीर आजही तटतटते.

त्या बैठकीनंतर आठवड्यानं पुतण्याची बायको राणी दुकानात आली. बांगड्या बघायचं निमित्त करून हळूच म्हणाली, "काकी, आन रोजच्या नमाजातल्या फातिहाचा अर्थ काय वं?"

खैरुनला तोही येत नव्हता. तिनं बांगड्यांचा डबा दाणकन मिटला.

"उद्या सकाळची सांगलीची गाडी धरू," ती म्हणाली. "बाळाला संगं घे."