माझा कोट डॅन्यूबवर

इकडे परदेशात, आमच्या गुंगालिनला थंडी पडली की मी माझा लाल लोकरी कोट कपाटातून काढते आणि डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर ती दुपार आठवते. मोठ्या जाऊबाई मुलांना आणि सासूबाईंना घेऊन डॅन्यूब नदीवर क्रूझला जाऊन आल्या होत्या. सासूबाईंना थंडी बाधू नये म्हणून जाताना माझा कोट मागून नेला होता. आता आमच्याच टीव्हीवर फोटो दाखवत होत्या आणि मी पोहे परतता परतता ओट्यापाशी मान वाकडी करून बघत होते. किल्ल्यासमोर माझा कोट, जुन्या चर्चच्या पायऱ्यांवर माझा कोट, डेकवर वाफाळत्या कॉफीशेजारी माझाच कोट. जीव नुसता जळत होता. “तुझ्या शिफ्ट असतात ना, म्हणून तुला विचारलंच नाही,” जाऊबाई म्हणाल्या. “नो वरीज,” मी म्हटलं आणि पोह्यांत दुसऱ्यांदा मीठ घातलं. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ले. कोट धुताना खिशात त्या चर्चचं तिकीट सापडलं, ते मी जपून पुन्हा खिशातच ठेवलं. परवा कामावर ते खाली पडलं. “अय्या, तू जाऊन आलीस?” मैत्रिणीने विचारलं. “हो तर,” मी म्हटलं, “अख्ख्या फॅमिलीबरोबर.”