करंट होऊन चालणारे मामा

आमच्या खात्यातल्या इलेक्ट्रिशियन मामांइतकी वीज ओळखणारा माणूस पिंपरीपासून चाकणपर्यंत झाला नाही आणि सबंध नोकरीत त्यांच्या हातून एकच चूक झाली, असं आमची सगळी कंपनी मानते. ती चूक त्यांची नव्हती, माझी होती. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

मामा चऱ्होलीचे. सायकलवरून पहिल्या शिफ्टला येत, आणि त्यांच्या कानामागे खडू असे. छापील नकाशावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मशीन बिघडलं की त्याची सगळी वायरिंग ते जमिनीवर खडूने काढत, तीही चालता येईल एवढी मोठी; मग बूट काढून त्या रेघेवरून स्वतः चालत. "आता मी करंट हाय," एवढं बोलून निघायचे. फ्यूज आला की अंग चोरून सरकायचे, मोटारीत शिरले की स्वतःभोवती गिरकी घ्यायचे. या अवस्थेत त्यांच्याशी बोलायची बंदी होती. एकदा खुद्द मॅनेजरसाहेबांनी हाक मारली, तर मान न वळवता म्हणाले, "करंटला मधी थांबवत न्हाईत, सायेब." साहेबच थांबले. आम्ही नवे सुपरवायझर आधी हसायचो. पण शेवटी मामा जिथे अडखळत तिथेच बिघाड निघे, आणि आमचं हसू घशात राही.

याच साहेबांची एक परदेशी मोटरसायकल होती. ते सहा महिन्यांसाठी बाहेर गेले तेव्हा तिची चावी माझ्याकडे देऊन गेले. तिला तेलाच्या दाबाचा एक लाल दिवा होता. चावी फिरवली की पेटायचा, इंजिन चालू होऊन तेलाला दाब आला की विझायचा. तो चालत्या गाडीत उगाचच पेटू लागला. मामांनी शेडमध्ये रेघ ओढली, बॅटरीतून निघाले, चावी ओलांडली, दिव्यातून इंजिनाकडे वळले आणि मधेच उभे राहिले. मला हँडल उजवीकडे फिरवायला लावलं. दिवा पेटला. डावीकडे फिरवलं, विझला. टाकीखाली वायर सोलवटून गाडीच्या सांगाड्याला टेकत होती. मी थक्क होऊन बघत राहिलो. नवी वायर घालून मामा म्हणाले, "आता ह्यो दिवा खोटं बोलायचा न्हाई. पेटला तर जागच्या जागी थांबायचं."

महिन्याभराने मी चाकणला, नुकत्याच ठरलेल्या माझ्या सासुरवाडीला, त्या गाडीवरून रुबाब दाखवायला निघालो. गेटबाहेर पडतो तोच दिवा पेटला. म्हटलं, पुन्हा तीच वायर. खाली वाकून इंजिनावरच्या, तेलाचा दाब ओळखणाऱ्या स्विचची वायर काढली, टोकाला टेप गुंडाळली, दिवा विझला आणि मी सुटलो. चाकण दिसायला लागलं नि इंजिन जाम झालं. टेम्पोत घालून गाडी परत आणली आणि कुणी बघायच्या आत वायर होती तशी जोडून ठेवली.

इंजिन उघडल्यावर तेलाच्या वाटेत कचरा सापडला. म्हणजे दिवा खरं बोलला होता. मामांनी मला विचारलं, "दिवा पेटला न्हवता?"

"नाही."

"वायरीला कुनी हात लावला व्हता?"

"नाही, मामा."

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. माझा शब्द त्यांनी पक्का धरला; तेलाचा दाब जाऊनही दिवा पेटला नाही, म्हणजे चूक आपल्या जोडणीतच, असं त्यांनी ठरवलं. पुढचे कित्येक रविवार ते सुट्टी असून शेडमध्ये येत, खडूची तीच रेघ ओढत आणि अनवाणी चालत. कुठेच अडखळत नव्हते. अडखळणार कुठे? रेघ निर्दोष होती. मी दाराशी उभा राहून बघे आणि आज सांगू म्हणत घरी जाई.

साहेब परतल्यावर मामा आपण होऊन पुढे झाले. म्हणाले, "दिवा मी जोडला व्हता, सायेब. इंजिन माझ्यामुळं गेलं." मी शेजारीच उभा होतो. साहेब रागावलेही नाहीत, म्हणाले, होतं कधीकधी. त्या दिवसापासून मामांनी कुणाच्या गाडीला हात लावला नाही. कुणी स्कूटर घेऊन आलं की म्हणत, "हाताचा भरवसा ऱ्हायला न्हाई, भाऊ." मशीनवर काम करत, पण प्रत्येक जोडणी दुसऱ्या कुणाकडून तपासून घेत. त्यांची जोडणी तपासायची लायकी आमच्यातल्या एकाचीही नव्हती.

आता ते निवृत्त होऊन चऱ्होलीलाच असतात. मागच्या महिन्यात सांगायचंच ठरवून गेलो होतो. चहा झाला, शेताच्या, पोराबाळांच्या गप्पा झाल्या. मी उठायला लागलो तेव्हा ते हळूच म्हणाले, "सायेब, त्या दिव्याचं काय झालं असंल वो? अजून समजलं न्हाई मला."

मी म्हणालो, जुनी गोष्ट झाली, मामा. आणि चपला घातल्या.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर जगात फक्त माझ्याकडे आहे. ते मी त्यांना अजून देणं लागतो.