सेकंदाला एकशेवीस चित्रं

काकांनी सगळा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात घालवला. डोळ्याला भिंग लावून मोहरीएवढा स्क्रू बसवणारा हा माणूस कॅमेऱ्याला मात्र हात लावायचा नाही. तो लावावा लागला काकूमुळे.

अर्धांगाचा झटका आला आणि काकूची वाचा गेली. उच्चार शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "रोज त्यांच्या बोलण्याचा व्हिडिओ काढा. ओठ स्पष्ट दिसले पाहिजेत."

मी माझा कॅमेरा नेऊन दिला. पहिल्या व्हिडिओत मागचा पडदा लख्ख आणि काकू धूसर.

"फोकस पडद्यावर गेलाय, काका. स्क्रीनवर काकूच्या चेहऱ्यावर बोट टेकवा."

दुसऱ्या दिवशी चित्रभर रवा सांडल्यासारखे दाणे.

"उजेड कमी होता, म्हणून कॅमेऱ्यानं आयएसओ वाढवला," मी सांगितलं. "कमी उजेडात तो डोळे ताणून बघतो. फार ताणले की चित्र खरबरीत येतं."

"मग बिचाऱ्याला ताण कशाला?" म्हणत काकांनी काकूची खुर्ची खिडकीशी ओढली.

शटर स्पीड त्यांना चटकन कळला. सेकंदाचे तुकडे करणं हा त्यांचाच प्रांत. फ्रेम रेट म्हणजे एका सेकंदात टिपलेली चित्रं, हेही सहज पटलं.

काकू रोज दोन-चार शब्द कसेबसे काढायची आणि शेवटी म्हणायची, "बस."

"दमली," म्हणत काका कॅमेरा बंद करून चहा टाकायला जायचे. परत येईपर्यंत काकूनं भिंतीकडे तोंड फिरवलेलं असायचं. कशाचा राग, काही कळेना.

एका रविवारी मी त्यांना सेकंदाला एकशेवीस चित्रं घ्यायला शिकवलं. ती सावकाश दाखवली की हालचाल संथ दिसते. त्या वेगात माझा कॅमेरा आवाज टिपत नाही, त्यामुळे व्हिडिओ अगदी मुका. काकूचे ओठ मिटले, उघडले, दात जवळ आले. बस. आणि मग तोंड पुन्हा उघडलं, चांगलं मोठं.

काकांनी तेवढाच तुकडा पाच-सहा वेळा पाहिला.

"अगं, शेवटी आ करतेय ती." त्यांचा आवाज बारीक झाला. "बस नाही म्हणत. बसा म्हणतेय."

तो शेवटचा आ काकूच्या घशातून बाहेरच पडत नव्हता.

काका आत गेले. काकूच्या खुर्चीशेजारी स्टूल होतं, त्यावर रोज कॅमेऱ्याची पिशवी असायची. ती त्यांनी खाली ठेवली आणि बसले.

"इतके दिवस उभाच होतो मी. मला मेल्याला कळलंच नाही."

काकूनं चालता हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. त्या दिवशी सराव झालाच नाही.

पुढे कॅमेरा तिवईवर गेला. व्हिडिओत काकांचा अर्धा कान येऊ लागला. "राहू दे," बाई हसून म्हणाल्या, "काकूंचे शब्द आता जास्त सुटे येतात." चार महिन्यांत काकू छोटी वाक्यं बोलायला लागली. पहिलं अख्खं वाक्य होतं, "अहो, तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय."

मेमरी कार्ड भरलं तेव्हा मी म्हटलं, "जुने व्हिडिओ पुसूया का?"

"हात लावू नकोस," काका म्हणाले. "नवं कार्ड आण."