मलकपेठहून हैदराबादला

काहीतरी चुकतंय, हे मला पहिल्यांदा जाणवलं ते आईच्या गोळीवरून.

आईला गाडी लागते. त्यामुळे प्रवासाला निघताना ती एक गोळी घेते, हातात लिंबू धरते आणि डोळे मिटून बसते. त्या दिवशीही मलकपेठच्या घराला कुलूप घालून, बॅगा, पाण्याचा थर्मास आणि चिवड्याचा डबा ऑटोत कोंबून आम्ही सुट्टीला निघालो, तेव्हा तिने गोळी घेतली. गोळी चढायच्या आत ऑटो थांबली. आलं होतं!

ऑटोवाला सामान उतरवत म्हणाला, "अम्मा, ये तो अपनाइच शहर है. छुट्टी मनाने को इधर कायकू आए?"

आई काय सांगणार? तिची गोळी आत्ता कुठे चढायला लागली होती. सुट्टीचा पहिला दिवस ती गाढ झोपली.

त्या आठवड्याचं असंच आहे. लोणच्याच्या बरणीतून एक फोड काढायला जावं तर तिला चिकटून दुसरी येते, तसा एक किस्सा सांगायला घेतला की मागोमाग दुसरा येतोच. मी तेव्हा नुकतीच बी.ए. झाले होते आणि साधी कुकरची शिट्टी वाजली तरी दचकत होते. (अजूनही दचकते, पण आता कुकरची सवय झालीय.)

*

आता, हैदराबादची माणसं हैदराबादलाच सुट्टीला का गेली? तर बाबांनी हात वर केला म्हणून.

ते दिवसच तसे होते. गल्लीगल्लीत पिवळे एसटीडी बूथ, टीव्हीवर दर महिन्याला नवं चॅनल, आणि ऊठसूट कोणीतरी फोन करून सांगायचं, "काँग्रॅच्युलेशन्स! तुमची निवड झालीय." आमची निवड आबिड्सच्या एका हॉटेलातल्या जेवणासाठी झाली होती. जेवणाआधी टाय लावलेली मुलं डोंगर, धुकं, स्विमिंग पूल यांच्या स्लाइड दाखवत होती. टाइमशेअर म्हणजे काय, तर दरवर्षी एक आठवडा त्या जागेत आपली मालकी. आयुष्यभर! कोणी 'घेतो' म्हणून हात वर केला की सगळे टाय टाळ्या वाजवायचे.

बाबांनी हात वर केला तो हात धुवायचं बेसिन कुठे आहे हे विचारायला.

टाळ्या कडाडल्या! एकाने तर बाबांना मिठीच मारली.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "अहो, सांगायचं ना, तसं नाही म्हणून!"

"एवढ्या टाळ्या वाजवल्या त्यांनी," बाबा म्हणाले. "चारचौघांत नाही कसं म्हणायचं?"

मग उन्हाळ्यात कळलं की उटीचं बांधकाम चालू आहे, कोडाईकनाल फुल आहे, आणि रिकामी आहे ती फक्त नव्याने उघडलेली 'सिटी प्रॉपर्टी', म्हणजे हुसेनसागर तळ्याच्या पलीकडची, आमच्याच गावातली. आई म्हणाली, नको. बाबा म्हणाले, "आपला हक्काचा आठवडा वाया घालवायचा? म्हणजे टाकलेलं अन्नच झालं!"

*

तिथे पोचल्यावर रिसेप्शनवरच्या मुलीने बाबांना हार घातला, कुंकू लावलं आणि गोड आवाजात विचारलं, "वेलकम टू हैदराबाद, सर! फर्स्ट टाइम?"

बाबांचा जन्म इथला. त्यांचे आजोबा निजामाच्या राज्यात नांदेडकडून इथे आले, ते इथेच राहिले. बाबांनी त्या मुलीकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "येस."

मी हळूच म्हटलं, "बाबा!"

"अगं, एवढा ताजा हार आणलाय पोरीने. कशाला तिचं मन मोडायचं?"

आईचे डोळे गोळीने मिटत होते, तरी ती पुटपुटलीच. "परक्यांना नाही म्हणवत नाही यांना. नाही म्हणतात ते फक्त पोटच्या पोराला."

बाबांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. ते त्यांना चांगलं जमायचं.

*

पोटचा पोरगा म्हणजे माझा अनिलदादा. दिलसुखनगरच्या एका कोचिंग सेंटरमध्ये गणित शिकवायचा. तिथेच फिजिक्स शिकवणाऱ्या पद्माशी त्याने लग्न केलं. ती तेलुगु. बाबा एरवी दिवसभर तेलुगु बोलायचे, ऑफिसात तेलुगु, बाजारात तेलुगु, पण घरात तेलुगु सून म्हटल्यावर त्यांनी फक्त "नाही" म्हटलं. दादानेही त्यांचाच स्वभाव घेतलेला. तो वेगळा राहू लागला. मलकपेठ ते दिलसुखनगर हे अंतर पायी चालत जाण्याएवढं, पण ते कोणी चालत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई गोळीतून जागी झाली आणि तिने आमचा अपार्टमेंट पाहिला. दोन बेडरूम, हॉल, छोटं स्वयंपाकघर, कपाटात सहा ताटं, सहा वाट्या, सहा ग्लास. ती बराच वेळ त्या सहा ताटांकडे बघत राहिली.

"शुभे," तिने मला स्वयंपाकघरात ओढलं. "आपल्या घरी ये म्हणायला तुझ्या बाबांची जीभ वळत नाही. त्याच्या घरी जायला पाय वळत नाहीत. पण ही जागा कोणाची आहे?"

"कोणाची?"

"कोणाचीच नाही! इथे तो आला तर बाबांनी बोलावलं असं होत नाही, आणि तो घरी आला असंही होत नाही. तू फोन कर. म्हणावं, जेवायला या दोघं. आठवडा संपायच्या आत."

"बाबा उठून गेले तर?"

"जातील कुठे? सुट्टीवर आहेत ना!"

घरचा फोन बाबांच्या खुर्चीशेजारी होता, तिथून दादाला फोन करणं अशक्य. इथे मात्र बेडरूममध्येही फोन होता. बाबा दुपारी हॉलमध्ये आडवे झाले की मी दार लावून नंबर फिरवायची. दादा-वहिनींकडे नुकताच फोन बसला होता, पण पहाटेपासून दोघंही क्लासवर. घंटा वाजत राहायची. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा बाबा फोनशेजारच्याच बेडवर बसून वर्तमानपत्र वाचायचे.

एकदा मी रिसीव्हर उचलणार तेवढ्यात तो फोन स्वतःच वाजला. मी किंचाळले! पलीकडून एक बाई म्हणाली, "मॅम, इव्हिनिंगला लॉनवर तंबोला आहे."

*

एसीचा किस्सा थोडक्यात सांगते. बाहेर मे महिना, डांबर वितळत होतं. आत बाबा स्वेटर आणि कानटोपी घालून बसलेले. मी शाल पांघरलेली. आईने मोजे घातलेले.

"बंद करा ना तो," आई म्हणाली.

"आठवडाभरच आहे. पुरेपूर वापरू," बाबा म्हणाले, आणि त्यांचे दात वाजले.

शेवटी आईने खिडकी उघडली, थोडी ऊब यावी म्हणून!

*

त्याच स्वयंपाकघरात आईने ठेचा करायला घेतला. तव्यावर हिरव्या मिरच्या पडल्या, धूर छताला लागला आणि एकदम असा भोंगा वाजला की मी डायनिंग टेबलाखाली जाऊन बसले. छतात धुराची घंटा असते हे आम्हाला कुठे माहीत? सगळी इमारत लॉनवर. बाबा अर्धी दाढी केलेले. आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमधल्या, पुण्याहून आलेल्या देवधर काकू केसांना टॉवेल गुंडाळून, हातात दागिन्यांची पर्स घेऊन उभ्या.

मॅनेजर धावत आला. "मॅडम, फायर कहाँ है?"

"तव्यावर!" आई म्हणाली.

घंटा बंद झाल्यावर देवधर काकूंनी हवेत वास घेतला. "अय्या, ठेचा? म्हणजे तुम्ही मराठी? आणि मी रोज तुमच्याशी इंग्लिशमध्ये बोलतेय!"

"हौ ना," आई म्हणाली.

"पण हे 'हौ' काय हो? अस्सल मराठीत 'हो' म्हणतात."

"आमच्याकडे अस्सल ठेचा आहे," आई म्हणाली. "भाषेचं जेवल्यावर बघू."

देवधर काका-काकू जेवायला आले. आईने मुद्दाम सहाच्या सहा ताटं मांडली. एक रिकामंच राहिलं. काकूंनी विचारलं, "अजून कोणी यायचंय का?" आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी ठेच्याकडे पाहिलं आणि जोरात ठसका लागल्यासारखं केलं. पण त्यांनी ठेचा अजून घेतलाच नव्हता.

*

तंबोल्यात बाबांना फुल हाउस लागलं! आयुष्यात पहिल्यांदा. माइकवरून नाव पुकारलं, टाळ्या झाल्या आणि बक्षीस मिळालं. काय मिळालं? बसने हैदराबाद दर्शन! तीन जणांसाठी.

आम्ही गेलो. हक्काचं वाया कसं घालवायचं?

चारमिनार येईपर्यंत बाबा गप्प होते. पण गाइड काहीतरी ठोकून द्यायला लागला तसे ते आधी पुटपुटले, मग हात वर केला, मग उठूनच उभे राहिले. "नक्को रे बाबा, ऐसा नहीं है वो!" तीन-चारदा झाल्यावर गाइडने माइक त्यांच्या हातात दिला. "साब, तुम इच बोलो. मैं चाय पीता."

काय बोलले बाबा! कुठल्या गल्लीत बांगड्या बनतात, मुसीला पूर आला तेव्हा त्यांचे आजोबा कुठल्या झाडावर चढून बसले होते, कुठल्या इराण्याकडे बिस्किट बुडवून खायचं आणि कुठल्याकडे नुसतं. बसमधले सगळे लोक खिडकीबाहेर बघायचे सोडून बाबांकडे बघत होते. देवधर काका तिकीट काढून आले होते, ते म्हणाले, "तुमचे बाबा म्हणजे अफाट माणूस आहे हो!" मलाही ते तेव्हाच कळत होतं. घरात ते इतकं कधी बोललेच नव्हते.

मलकपेठला त्यांनी माइकवर सांगितलं, "बाएँ हाथ को वो हरी खिड़की है ना, वो अपना घर है." सगळ्यांनी माना वळवून आमच्या घराकडे पाहिलं. एकाने फोटोही काढला. आई लाजून म्हणाली, "अगं बाई, दोरीवर तुझा परकर राहिलाय!"

मग काही मंडळींना साईबाबाच्या देवळात जायचं होतं म्हणून बस पुढे दिलसुखनगरला गेली. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोचिंग सेंटरच्या पाट्याच पाट्या. बस सिग्नलला थांबली आणि आमच्या खिडकीसमोर एक मोठी रंगवलेली पाटी आली. तेलुगुत आणि इंग्लिशमध्ये: 'मॅथ्स – अनिल सर. फिजिक्स – पद्मा मॅडम.' खाली पोरांची ही गर्दी, सायकलींवर सायकली.

आईने माझं मनगट घट्ट धरलं.

मागून कोणीतरी विचारलं, "ये क्या है, साब? कॉलेज है?"

बाबांच्या तोंडापुढे माइक होता. त्यांचा श्वास सगळ्या बसला ऐकू येत होता. "इधर," ते म्हणाले, "इधर बच्चे पढ़ते." मग थोडं थांबून, "अच्छा पढ़ाते बोलते."

आणि त्यांनी माइक गाइडला परत दिला.

*

शेवटच्या दिवशी आईने बॅगा भरल्या. सहावं ताट पुसून कपाटात ठेवताना ती म्हणाली, "राहिलं, शुभे. पुढच्या वर्षी उटी मिळेल. तिथे कुठला येतोय तो!" मी म्हटलं, अजून एकदा फोन करते. ती म्हणाली, "राहू दे आता."

चहा झाल्यावर बाबा शर्ट बदलून बाहेर निघाले. "जरा पाय मोकळे करून येतो."

उन्हं उतरली. बाबा नाहीत. लॉनवरचे दिवे लागले. बाबा नाहीत. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "सर ने ऑटो पूछा था." कुठे गेले, तिला माहीत नव्हतं.

माझ्या डोक्यात काय काय आलं ते विचारू नका! ऑटो उलटली, बाबा चक्कर येऊन पडले, उन्हात हिंडून त्यांना सगळा विसर पडला. देवधर काका तळ्यापर्यंत बघून आले. काकू आईचा हात धरून बसल्या आणि म्हणाल्या, "येतील हो, येतील. त्यांच्याच तर गावात आहेत!" आई म्हणाली, "हौ," आणि उठून परत दाराशी गेली.

मी मलकपेठच्या घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. शेजारच्यांकडे लावला. त्यांनी गॅलरीतून बघून सांगितलं, कुलूप तसंच आहे.

मग एकच नंबर उरला. इतके दिवस कुजबुजत कसं बोलायचं ते मी ठरवत होते: दादा, जेवायला ये, बाबा काही बोलणार नाहीत. आता एवढंच सांगायचं होतं: दादा, बाबा हरवलेत. घाईत पहिल्यांदा नंबर चुकला. परत लावला. आई माझ्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. घंटा वाजली. वाजत राहिली. मी ठेवणारच होते.

पलीकडे कोणीतरी फोन उचलला. भांड्यांचा आवाज आला, कोणाचं तरी हसू आलं आणि मग घास तोंडात धरून बाबांचा आवाज:

"हॅलो! कोण पाहिजे? जरा वेळाने करा हो, इथे सगळे जेवायला बसलेत!"