पाळीच्या टोकाचा मोकळा कोपरा

पिसांच्या माशीने मासे धरणारा माणूस शेजारी आला की इतरांना काय ताप होतो, ते आधीच सांगून टाकतो. नाहीतर मी नुसतं माझंच रडगाणं गातोय असं वाटायचं. बाकीचे गळवाले गळाला कणकेची गोळी किंवा बेडकी लावतात, दोरी पाण्यात सोडतात आणि तंबाखू मळत बसतात. माशीवाल्याचं तसं नाही. पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेल्या त्या खोट्या माशीला वजनच नसतं. म्हणून सगळी दोरी आधी पाठीमागे भिरकवायची, ती मागे सरळ होऊ द्यायची आणि मग पुढे पाण्यावर सोडायची. समोर जेवढं पाणी लागतं तेवढीच मागे रिकामी जमीन लागते. आणि रविवारी अंबाझरी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, रिकामी जमीन मागणं म्हणजे इतवारीच्या बाजारात अंथरूण टाकायला जागा मागणं. तरी मी ती मागत होतो.

माशी फेकायची छडी मला एका गोऱ्या साहेबाने दिली. मी ज्या कचेरीत नकाशे गिरवायचो तिथला तो साहेब. देश स्वतंत्र झाला त्या साली तो विलायतेला परत गेला. जाताना बूट खानसाम्याला दिले, कुत्रा शेजाऱ्याला दिला आणि मला ही छडी, रीळ आणि पत्र्याच्या डबीत मावतील एवढ्या माश्या. जाण्याआधी त्याने बंगल्याच्या हिरवळीवर मला फेकायला शिकवलं. गवतावर एक बशी ठेवायची आणि लांबून तीत माशी पाडायची. माझी माशी बशीपेक्षा कुत्र्यावर जास्त पडली. पुढे डबी रिकामी झाली तशी मी स्वतःच माश्या बांधायला लागलो. आम्ही कोष्टी, माझ्या ताईच्या सासरीही माग होता. लुगड्याच्या काठाचं उरलंसुरलं रेशीम ती माझ्यासाठी बाजूला ठेवायची.

वडील मी शाळेत असतानाच गेले. त्यानंतर मला धाकात ठेवणारं आणि माझी काळजी करणारं माणूस एकच, ताईचे यजमान, आमचे भाऊजी. गिरणीत कामाला होते. रविवारी सुट्टी, मला सायकलच्या मागे बसवून तलावावर घेऊन जायचे. पाळीवर गळवाल्यांचे कायदे कुठे लिहिलेले नव्हते, मी ते भाऊजींच्या शिव्या खाऊन शिकलो. आडवी ठेवलेली छडी ओलांडली म्हणून शिवी, आधी आलेल्याच्या फार जवळ बसलो म्हणून शिवी, दुसऱ्याच्या थैलीत डोकावलो म्हणून तर कानफटातच. सगळ्यांत मोठा कायदा दोऱ्यांचा. कुणाला मोठा मासा लागला की तो 'दोऱ्या वर' अशी हाक देणार, आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी आपापल्या दोऱ्या पाण्याबाहेर काढायच्या. आपल्या दोरीवरचं बूच मासा लागून नाचत असलं तरी दोरी काढायची. नाहीतर लागलेला मासा धावतो, दोऱ्यांचा गुंता होतो आणि हाती काही येत नाही.

"ज्यानं दोरी नाही काढली, त्याच्या बाजूले बसाचं नाही," भाऊजी म्हणायचे. "मंग तो सख्खा भाऊ का असंना."

पाळीवर भाऊजींचा शब्द चालायचा. त्यांच्याएवढा मासा कुणीच काढला नव्हता, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

अशा पाळीवर मी ती लवलवती छडी घेऊन गेलो. स्वातंत्र्यानंतर तिथे गर्दी फार वाढली होती. गिरणीवाले, शाळामास्तर, पेन्शनर, सगळेच गळ घेऊन यायला लागले होते. पहिल्याच दिवशी माझी मागे गेलेली माशी एका म्हाताऱ्या हवालदाराच्या टोपीत अडकली. मी पुढे झटका दिला आणि टोपी तलावात. हवालदार पेन्शनीत निघाला होता, पण आवाज अजून नोकरीत होता. असली सर्कस करायची तर गावाबाहेर करा, उद्या कुणाचा डोळा जाईल, असं बरंच काही तो बोलला, आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकत नव्हतं. लोकही त्याच्या बाजूने बोलायला लागले. माझं माशीचं प्रकरण तिथेच आटोपलं असतं.

पण भाऊजी उठले. हवालदाराची टोपी काठीने बाहेर काढली, पिळून त्याच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की पोरगा पाळीच्या टोकाला, सांडव्याजवळच्या कोपऱ्यात उभा राहील. तिथे मागे उतार मोकळा आहे, कुणाला धक्का लागणार नाही. त्या कोपऱ्यात दुसऱ्या कुणी बसायचं नाही. लोकांनी मान्य केलं. काही जण हसले. ते माझ्या छडीला हसले असं मी समजलो.

मला काय वाटलं असेल सांगू? एवढ्या गर्दीत माझ्यासाठी एक कोपरा राखून ठेवला होता. बापाने तरी याहून जास्त काय केलं असतं?

त्या कोपऱ्यात मी दोन वर्षं माशी फेकली. बोटभर लांबीच्या चंदेरी मासोळ्या सोडल्या तर काही लागलं नाही. शेजारच्या पायऱ्यांपाशी भाऊजींची ठरलेली जागा होती. पुढे कमळाची पानं आणि खोल पाणी. ते तिथून एकामागून एक मासे काढायचे आणि मला धीर द्यायचे. हात बसंल, सबुरी ठेव, सायबाची विद्या एका दिवसात येत नाही. मला एकच गोष्ट हवी होती. त्यांच्या डोळ्यांदेखत त्या छडीवर एक खरा मासा काढायचा, आणि त्यांनी तो हाताने उचलून चार लोकांना दाखवायचा. मासा घरी नेऊन खायची हौससुद्धा मला तेवढी नव्हती. मी रोज संध्याकाळी दिव्याखाली माश्या बांधायचो ते एवढ्यासाठी.

मग एका साली पाऊस थांबायचं नावच घेईना. दसऱ्याच्या सुमाराला तलाव पार काठोकाठ भरला आणि माझ्या कोपऱ्यातलं गवत पाण्याखाली गेलं. त्या रविवारी मी गवताच्या कडेला कोंबड्याच्या काळ्या पिसांची जाडजूड माशी टाकली. ती पाण्यावर टेकते न टेकते तोच खालून एक काळं डोकं वर आलं आणि माशी गिळून खाली गेलं. मरळ होती. एवढी मोठी मरळ मी बाजारातही पाहिली नव्हती. छडी मुठीपर्यंत वाकली, रिळाचा आवाज सुरू झाला आणि माझ्या तोंडून 'दोऱ्या वर' अशी हाक निघाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती हाक मी दिली.

आणि काय सांगू, सगळ्या पाळीने माझं ऐकलं. मास्तरांनी दोरी काढली. ज्यांची नावंही मला माहीत नव्हती त्यांनी काढली. हवालदाराचं बूच त्याच क्षणी बुडालं होतं, तरी त्या माणसाने दोरी खेचून घेतली आणि छडी उभी धरून बाजूला झाला. मरळ काठाकाठाने पायऱ्यांकडे, कमळाच्या पानांकडे धावली. मी तिच्या मागे चिखलातून धावत होतो आणि वर बघितलं तर भाऊजी आपल्या जागी उभे होते. त्यांची दोरी पाण्यातच होती.

मी त्यांना हाक मारली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेला नजर भिडली, एवढं मी शपथेवर सांगतो. मग ते पुन्हा पाण्याकडे बघायला लागले. मरळ त्यांच्या जाड दोरीभोवती फिरली, माझी रेशमी दोरी तिच्यावर घासून तुटली आणि छडी एकदम सरळ झाली.  भाऊजी म्हणाले की त्यांचा गळ कमळाच्या देठात अडकला होता, सुटेना.

त्यांनी गुंता सोडवला, सामान बांधलं आणि सायकल आणायला गेले. मी पायऱ्यांवर बसून राहिलो. तेवढ्यात हवालदार आला. त्याच्याशी त्या टोपीपासून माझं धड बोलणं नव्हतं. माझ्या शेजारी बसला आणि माझ्या छडीला लागलेलं शेवाळ काढू लागला.

"गळ कुठी अडकला नव्हता," तो म्हणाला. "मी बाजूलेच होतो. दोरी तशीच धरून उभा होता तो."

मी म्हटलं, तसं होणार नाही. त्यांनीच मला ही जागा मिळवून दिली.

"त्या कोपऱ्यात मासा नसते गा. उथळ पानी हाय. साऱ्या पाळीले माहीत हाय. तुले तिथं उभं केलं तवाच लोक हासले होते. यंदा पानी चढलं म्हनून ती तिकडं आली."

रागाने माझे कान तापले. पण राग हवालदारावर काढायचा की भाऊजींवर, हे मला ठरवता येईना. दोन वर्षं मी ज्याला माया समजत होतो ती मला माशांपासून लांब ठेवायची युक्ती होती, आणि ती मी सोडून सगळ्यांना कळत होती. मी लुटला गेलो होतो. वर लुटणाऱ्याचे दर रविवारी उपकार मानत होतो.

परतताना मी त्यांच्या सायकलवर बसलो नाही. सीताबर्डीपर्यंत दोघं चालतच आलो, ते सायकल हातात धरून. तिथे मी विचारलं, "भाऊजी, दोरी काहून नाही काढली?"

त्यांनी पुन्हा देठाचं नाव काढलं नाही, एवढं मात्र खरं. 

"ती मरळ मी दोन वरसापासून पाहून राहिलो होतो," ते म्हणाले. "त्या पानापाशी श्वास घ्याले वर येत होती. तुले कोनतीई चालली असती."

दोन वर्षं आम्ही शेजारी उभे होतो. एका डब्यातली भाकर खाल्ली. मरळ असल्याचं त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मला कोणतीही चालली असती, हे खरंच होतं. ती त्यांनी उचलून दाखवली असती म्हणजे झालं असतं. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. ज्याने माझ्याकडे बघूनही पाण्यातली दोरी काढली नाही, त्याला हे सांगून उपयोग नव्हता.

मी रविवारी जायचं बंद केलं. ताईला मी काहीच बोललो नाही. तिचा संसार होता आणि तिला त्या माणसाबरोबर राहायचं होतं. एकदा सणाला तिच्याकडे जेवायला गेलो तेव्हा तिने वाढता वाढता विचारलं, तू तलावावर काहून जात नाही आता? रेशीम साचलं आहे. मी म्हटलं, कचेरीत काम फार आहे, रविवारीही बोलावतात. ताईचा विश्वास बसला नाही. ती ताटावर हात थांबवून माझ्याकडे बघत राहिली.

समोर भाऊजी जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"त्याले तरास देऊ नोको," ते ताईला म्हणाले. "त्याच्या हापिसात खरंच लय काम हाय. मले माहीत हाय."